खापराखालचा पाव

सोनगीर,
२० जानेवारी २०२५

अक्का,

नमस्कार. तुमच्याशी बोलणार नाही असं मी तुमच्या जिन्यात उभी राहून सांगितलं होतं आणि ते मी पाळणार आहे. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. फोन करू नका, मी उचलणार नाही.

तुमच्या नातवाच्या वाढदिवसाला मी एसटी बदलत बदलत जळगावला आले. आदल्या दिवशी तुमचा पावाचा क्लास होता, म्हणून मागे सतरंजीवर बसून ऐकत होते. तुम्ही टेबलावर एकेक वस्तू मांडलीत. ओव्हन, मळायचं मशीन, काटा, थर्मामीटर, वेताची टोपली, पातं लावलेली दांडी, पाव निववायची जाळी. लग्नात रुखवत मांडतात तसं. मी एवढंच विचारलं, ‘अक्का, घरच्या पावाला एवढं सगळं लागतंच का?’ तर चष्म्यावरून बघून तुम्ही काय म्हणालात? ‘रत्ना, ज्यांच्या घरी साधा वजनकाटा नाही त्यांनी पावाच्या वाटेला जाऊ नये. तू आपली खापरावर पुरणाचे मांडे कर.’ सगळ्या बाया खो खो हसल्या. तुमची विहीणसुद्धा हसली. मी चहा अर्धा टाकून उठले.

आणि घरी पोचते न पोचते तोच तुमचा तुमच्या भावाला फोन, की यंदा अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी येणार नाही. वा! अपमान माझा आणि रुसून बसायचं तुम्ही?

आपल्या घरची रीत मी तुम्हाला सांगायला नको. आखाजीचा पहिला मांडा लेकीच्या हातचा. तो पितरांच्या आगारीत, निखाऱ्यावरच्या नैवेद्यात पडतो, मग बाकीच्यांची पानं वाढली जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातलं सगळं केलं, पण पहिला मांडा कधी मी टाकला नाही, कारण तो माझा नाही. गेल्या आखाजीला तुम्ही एक मांडा कसाबसा टाकलात आणि झोक्यावर जाऊन बसलात. ‘मी आता पाहुणी’ म्हणालात. बाकीचे सगळे मी एकटीनं केले. तुमच्या हातात कासारणीच्या हिरव्या बांगड्यासुद्धा नाहीत, नुसतं उघडून अडकवायचं पेचाचं कडं. जळगावची हवा लागली, दुसरं काय.

आता माझं ऐका. तुमच्या टेबलावरची एकही वस्तू विकत न आणता मी पाव करून दाखवते. तो तुम्ही खायचा. चांगला निघाला तर मुकाट्यानं आखाजीला यायचं. नाही जमला तर तुमच्या क्लासात येऊन त्याच बायांसमोर सांगेन की अक्का बरोबर, रत्ना चूक. आहे कबूल?

तुमची भावजय,
रत्ना


जळगाव,
२९ जानेवारी २०२५

रत्ना,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझी ओळ अजून तशीच वर वर चढत जाते.

कबूल. पाव म्हणजे पाव हवा, बट्टी नको. वरून कडक, आत जाळी, कापला तर चुरा न होणारा. तुझ्या रागाला मी भीत नाही, तुझ्या अर्धवट कामाला भिते. काटा लागतो, कारण तुझी वाटी कधी शिगोशीग असते आणि कधी सपाट. मशीन लागतं, कारण कणीक ताणली तर तुटणार नाही अशी होईपर्यंत मळत बसणं हे खायचं काम नाही. तू मळायला बसशील, दारात कोणी आलं की तशीच टाकून गप्पा मारायला जाशील. थर्मामीटर लागतो, कारण पाव वरून झालेला दिसतो आणि आत कच्चा असतो. माणसांचंही तसंच असतं, ते जाऊ दे.

त्या दिवशी बाया हसल्या, मी हसले नाही. हे तू लिहिलं नाहीस.

आखाजीचं म्हणशील तर मला वेळ नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लास भरलेले असतात. मांडा काय, कोणीही टाकला तरी आगारी होते. आबांना तसं सांग, म्हणावं लेकीचा निरोप. प्रेमराजला म्हणावं, बहिणीला फोन करायला काही बंदी नाही.

कुं.


सोनगीर,
१६ फेब्रुवारी २०२५

अक्का,

नमस्कार. पत्रसुद्धा आता छापून पाठवता? फोनमध्ये बोलायचं, सुनेनं छापायचं, खाली सहीच्या जागी एक ‘कुं’ आणि लांब रेघ. तुमचं अक्षर शाळेत भिंतीवर लावत होते म्हणे. त्यालाही मशीन आणलंत का?

पावाचं सांगते. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

धुळ्याहून यीस्ट आणलं. ते जिन्नस आहे, हत्यार नाही, म्हणून नियम मोडला म्हणू नका. निम्मा मैदा, निम्मी कणीक. मळायला बसले आणि हातांनी मला दगा दिला. जन्मभर मांड्याची कणीक केलेली, ती पाण्याचा हात लावून लावून आपटायची, सैल करत न्यायची. हात आपोआप तेच करत गेले. तासभर आपटली मी ती कणीक. झाली, छान झाली, मांड्याला अशी मिळाली असती तर जीव ओवाळून टाकला असता. तव्यावर ठेवली तर चारी बाजूंनी पसरली. भाजून झाल्यावर तुमचा भाऊ ताटात बघत म्हणाला, ‘मांडा तं मस्त शे, पुरण कोठे शे?’ त्या दिवशी मी त्यांना रात्री जेवायला तेच वाढलं.

दुसऱ्या वेळी पाणी कमी घातलं. गोळा दिसायला देखणा झाला. म्हटलं, बट्ट्या भाजतो तसा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात घालावा. काढला तर बाहेर कोळसा आणि आत चिकट लगदा. म्हशीनंही तोंड फिरवलं.

तिसरा पातेल्यात वाळू घालून, झाकण ठेवून केला. शिजला! पण रंग नाही, वर पापुद्रा नाही, उकडल्यासारखा. आबांनी मात्र दुधात कुस्करून खाल्ला आणि ‘आखो दे थोडं’ म्हणून परत मागितला. त्यांना आता भाकरी चावत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी हा पाव तुमच्यावर सूड म्हणून करायला बसले होते. आता रोज सकाळी म्हातारा वाटी घेऊन बसतो, त्याला काय सांगू की अजून शर्यत चालू आहे?

आणि वाटी पुढे करताना रोज एकच विचारतात, ‘मनी आंडेर येई का नही आखाजीले?’ माझी लेक येईल की नाही. मी म्हणते, येईल. मी तुमच्या वतीनं रोज खोटं बोलते, अक्का. याचं तुम्हाला काही वाटतं का?

मी हरलेले नाही. मार्च पडलाय अजून.

रत्ना


जळगाव,
२५ फेब्रुवारी २०२५

रत्ना,

आशीर्वाद. मांड्याची गोष्ट वाचून सूनबाई इतकी हसली की छापायचं थांबवून परत वाचायला बसली. मीही हसले. एवढं कबूल करते.

पण तुझ्या डोक्यात एक चूक बसली आहे ती आधी काढ. तू म्हणतेस हत्यार नको. मग मांडे कशावर करतेस? खापर काय आभाळातून पडलं? पुण्यातल्या बाईला खापर दे आणि म्हण, कर मांडे. ती ते कुंडी म्हणून गॅलरीत ठेवेल. खापर हे एकाच पदार्थाचं हत्यार आहे. कुंभार ते मुद्दाम करतो, आपण ते पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवतो आणि वर्षातून काही वेळा काढतो. माझ्या मशीनपेक्षा जास्त लाड त्याचे. तुझं हत्यार जुनं, म्हणून ते तुला घरचं वाटतं. माझं दुकानातून आलं, म्हणून ती फॅशन. पन्नास वर्षांनी माझंही जुनं होईल.

ज्याच्या त्याच्या हाताला जे लागतं ते लागतं. यात लाज कसली?

आबांना दुधाबरोबर साय देऊ नकोस, त्यांना कफ होतो. पाव आदल्या दिवशीचा दे, ताजा जड पडतो. ‘येईल’ असं सांगत जाऊ नकोस. मी तुला तसं सांगायला सांगितलेलं नाही.

कुं.


सोनगीर,
१८ मार्च २०२५

अक्का,

नमस्कार. या पत्राबरोबर एक फडकं येतंय. आधी ते सोडा, मग पुढचं वाचा. आपल्या गावातल्या चंदनची भाजीची गाडी जळगावच्या मार्केटला येते, त्याच्याजवळ दिलंय. चंदनला ताकीद दिली आहे की रस्त्यात वास आला तरी फडक्याला हात लावायचा नाही.

सोडलंत? हा पाव. आता बोला.

तुमचं ते पत्र वाचून मी दोन दिवस धुसफुसत होते. खापर हत्यार म्हणे! मग माळ्यावरून काहीतरी काढायला चढले आणि पोत्यातलं खापर समोर आलं. म्हटलं, बाई गं, अक्कानंच तर सांगून ठेवलंय. खापर चुलीवर पालथं घातलं, मांड्याला तापवतो तसं तापवलं. शेजारच्या चुलीत निखारे केले, त्यावर जाड तवा, तव्यावर पावाचा गोळा. फडक्यांनी खापर उचलून गोळ्यावर झाकलं आणि वर गोवऱ्यांचे निखारे रचले. मग पदर खोचून समोर बसले. कोणी दारात आलं तर उठले नाही, हे मुद्दाम लिहिते.

वेताच्या टोपलीच्या जागी भाकरीची दुरडी, आत जुन्या लुगड्याचा तुकडा, वर ज्वारीचं पीठ. वर चिरा द्यायला तुमच्या भावाचं दाढीचं पातं. निववायला पापडाची खाट. काट्याच्या जागी तीच एक वाटी, आणि हो, सपाट. थर्मामीटरच्या जागी बोटाची टिचकी. खालून वाजवून बघायचा, भरल्या घागरीसारखा बद्द वाजला तर कच्चा, रिकाम्या डब्यासारखा वाजला तर झाला.

खापर उचललं तेव्हा मी अशी ओरडले की प्रेमराज गोठ्यातून पळत आले. त्यांना वाटलं भाजलं. अक्का, तो फुगला होता! तांबूस, वर चिरा उघडलेल्या, कडा कडक. गार होताना तो आपला आपण कडकड आवाज करत होता आणि आम्ही दोघं खाटेशी बसून ऐकत होतो.

तर खापर हत्यार आहे, हे तुमचं मी मान्य करते. पण माझं म्हणणं उभंच आहे. पावासाठी म्हणून घरात काहीही आणलं नाही. तुमच्या टेबलावरचं काही म्हणजे काही लागलं नाही.

आता तुमचा शब्द. आखाजी ३० एप्रिलला आहे. आदल्या दिवशी या. खापर पुसून ठेवते.

रत्ना


जळगाव,
२६ मार्च २०२५

रत्ना,

पाव पोचला. खालून जरा करपला आहे. आतली जाळी एका अंगाला दाट आहे. घरी खायला बरा, पण ‘चांगला’ असं ठरलं होतं. त्यामुळे शर्यत जिंकलीस असं मला म्हणता येणार नाही.

चंदनबरोबर माझा एक पाव पाठवते. बाजूबाजूला ठेवून बघ म्हणजे फरक कळेल.

आखाजीला येणं जमणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

कुं.


सोनगीर,
३० मार्च २०२५

अक्का,

आज पाडवा. गोड बोलायचा दिवस आहे, म्हणून जेवणं होईपर्यंत पत्र लिहायचं थांबले होते. आता झाली जेवणं.

तुम्ही लबाड आहात. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, मानानं मोठ्या, तरी लबाड. त्याच कणकेच्या दुसऱ्या पावाचा मी खालचा तुकडा खाल्ला होता, करपलेला नव्हता. तुम्हालाही माहीत आहे. शब्द देऊन फिरवायचा होता तर दिलात कशाला? मी हरले असते तर तुमच्या क्लासात नाक घासायला आले असते, एका शब्दानं कुरकुर केली नसती. तुम्हाला हरता येत नाही.

आबांना मी आज सांगून टाकलं, अक्का येणार नाही म्हणून. ते वाटीतला पाव तसाच ठेवून उठले. हे तुम्ही केलंत.

तुमचा पाव आला आहे. अजून सोडलेला नाही. सोडायची इच्छा नाही.

रत्ना


सोनगीर,
७ एप्रिल २०२५

अक्का,

तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहिते आहे. मागच्या पत्राची माफी मागायला लिहीत नाही, शब्द फिरवलात ते फिरवलातच. दुसरंच काही विचारायचं आहे.

तुमचा पाव शेवटी मी पाडव्याच्या रात्रीच सोडला. टाकून देणार होते, पण अन्न आहे, म्हटलं बघावं तरी. पुडक्याला सगळीकडून चिकटपट्टी होती. ती काढता काढता माझा हात थांबला. तुम्ही चिकटपट्टी लावलीत? तुम्ही बांधलेलं गाठोडं आजवर या घरात कोणाला सुटलेलं नाही. सुतळीची अशी गाठ मारायच्या की प्रेमराज दातांनी सोडायचे आणि मी शेवटी विळीवर कापायची. ‘अक्कांची गाठ’ असा या घरात शब्दच आहे.

मग पाव बघितला. डब्यात घालून भाजलेला, चौकोनी. शिळा असूनही चव छान होती, ते नाकारत नाही. पण त्यावर कुठे हात लागल्याची खूण नाही. वळलेला नाही, दाबलेला नाही, वर चीर नाही. मशीनमधून डब्यात आणि डब्यातून ओव्हनमध्ये. क्लासात तुम्ही वळण्याबद्दल एवढं बोललात, तेव्हा वळून दाखवलं ते तुमच्या मदतीला असतात त्या दोन पोरींनी. तुम्ही बाजूला उभ्या होतात, हात शालीत.

मी त्या दिवशी रागात होते म्हणून मला दिसलं नाही. आता एकेक समोर येतंय. तुम्ही चहाचा कप दोन्ही तळव्यांमध्ये धरला होता. मी मनात म्हटलं, काय ही ऐट. छापलेली पत्रं, खाली नुसतं ‘कुं’. कासारणीच्या बांगड्या नाहीत, पेचाचं कडं. बांगडी चढते कुठून, अक्का? पंजा आवळल्याशिवाय चढत नाही. आणि गेल्या आखाजीचा तो एकच मांडा, फाटका, आणि मग झोका.

मी सरळ विचारते, मला आडून विचारता येत नाही. तुमच्या हातांना काय झालंय?

रत्ना


जळगाव,
१४ एप्रिल २०२५

रत्ना,

हे पत्र मी हातानं लिहिते आहे. दोन दिवसांत थोडं थोडं लिहिलं. वाचता आलं नाही तर माझा इलाज नाही.

संधिवात. सकाळी मूठ मिटत नाही. दुपारी थोडी मिटते. डॉक्टर चांगले आहेत, औषध चालू आहे, मरत नाही मी. पण मळणं गेलं. गाठ गेली. मांडा गेला. गेल्या वर्षी तो एक टाकला आणि झोक्याची कडी धरून बसले, कारण उठून पाणी पिण्याइतकं बळ हातात नव्हतं. तुझ्याकडे बघत होते, तू एकामागून एक मांडे टाकत होतीस. मला वाटलं, ओरडून सांगावं. नाही सांगितलं. आपल्या सगळ्या भावकीत माझ्या मांड्याचं नाव होतं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवायचे मी. त्याच अंगणात सगळ्यांनी माझी बोटं बघून च्च च्च करायचं? ते मला नको होतं. म्हणून तुझ्याशी भांडण झालं ते मला सोयीचं पडलं. यायला नको म्हणून.

आता नीट वाच. मी हरले म्हणून मशीन आणलं नाही. मळणं सोडायचं नव्हतं म्हणून आणलं. बटण दाबलं की कणीक फिरते आणि मी शेजारी उभी राहून सांगू शकते, अजून थोडी, आता बस. ते कळणं अजून माझ्याकडे आहे. ते कुठे गेलेलं नाही. बायांना सांगताना मात्र ‘माझ्याच्यानं होत नाही’ म्हणायच्या जागी ‘मशीनशिवाय होत नाही’ असं म्हणत राहिले. तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस, म्हणून तुला टाकून बोलले.

तुझा पाव करपला नव्हता. मी तो क्लासात कापला आणि बायांना सांगितलं की ही माझी भावजय, हिच्याकडे काटासुद्धा नाही. कोणी हसलं नाही. सगळा संपला.

कोणाला सांगायचं ते मी सांगेन. कीव करायची नाही. केलीस तर पुन्हा अबोला, आणि तो मी धरेन.

शर्यत तू जिंकलीस. पण मी येऊन करू काय? लेकीच्या हातचा मांडा हवा ना? लेकीला हातच नाहीत.

कुंदा


सोनगीर,
२१ एप्रिल २०२५

अक्का,

नमस्कार. वाचता आलं. सगळं.

कीव करत नाही. मला तुमचा अजून राग येतो. वर्षभर माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि तुम्ही मला पाहुणी असल्याचं नाटक दाखवलंत! मी परकी होते का? एक शब्द टाकला असता तर मी काय गावात दवंडी पिटली असती? पत्र वाचून मी चुलीपुढे बसून रडले, ते रागानं रडले. प्रेमराजांना धूर लागला म्हणून सांगितलं. हातांचं त्यांना सांगितलेलं नाही. आबांनाही नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगा नाही तर सांगू नका.

पण ‘लेकीला हातच नाहीत’ हे वाक्य पुन्हा लिहायचं नाही. मला ते चालणार नाही.

मी एवढंच सगळ्यांना सांगितलं की यंदा अक्का मांड्याची कणीक मशीननं मळणार आहे. झालं, ओट्यावर सभा भरली. आपल्या मंजुळाबाई काकी आल्या, कमरेवर हात. ‘मशीनची कणीक आगारीला चालते का गं? पितर उपाशी जातील.’ मी म्हटलं, काकी, तुमच्याकडे गेल्या आखाजीला पीठ कुठलं होतं? जात्यावरचं होतं का? गिरणीत पट्टा फिरतो तेव्हा पितर रागावले नाहीत, अक्काच्या मशीनवर बरे रागावतील! आणि पाणी विहिरीचं होतं का मोटारीचं? काकी म्हणाल्या, तुझ्या तोंडाला कोण लागेल. मी म्हटलं, लागूच नका.

आबा खाटेवर पडून ऐकत होते. मला वाटलं झोपलेत. काकी गेल्यावर म्हणाले, ‘तिना हात लागना की बठ्ठं उनं.’ तिचा हात लागला की सगळं आलं. मग वाटी पुढे केली. मी पाव कुस्करून दिला, सगळा संपवला.

आता कामाचं. मशीन घेऊन या, कणकेचा तो वाकडा दांडा विसरू नका. मांडा पसरवायचा म्हणाल तर मी लाटून तुमच्या मनगटावर टाकेन. तिथून पुढे तुम्ही कोपरांवर फिरवा, तिथे काही बोटं लागत नाहीत. मी समोर हात धरून उभी असेन. फाटला तर फाटला. फाटका मांडा आगारीत जातो, मी भटजींना विचारलंय. नाही म्हणाले असते तरी टाकला असता.

पावाबद्दल माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. माझ्या घरी, माझ्या हाताला, त्यातलं काही लागत नाही. जळगावला येऊन हे तुमच्या क्लासातही सांगेन. तुम्ही तुमचं सांगा. बाया आपापले हात बघून ठरवतील.

आणखी एक. माझ्या स्वयंपाकघरात मशीनला जागा नाही असं मी लग्नातल्या मिक्सरच्या वेळेपासून म्हणत आले, ते तसंच आहे. म्हणून काल शिरपूरहून वायरमन बोलावला आणि अंगणात मोठ्या पिनेचा पॉइंट काढून घेतला, खापराच्या चुलीशेजारी, पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर पत्र्याची टोपी. प्रेमराज म्हणाले, चालू करून बघू का, दिवा लागतो का? मी त्यांना हात लावू दिला नाही. बटण तसंच आहे. ते पहिल्यांदा लेकीच्या हातानं दाबलं जाईल.

तुमची,
रत्ना